पल्स इंडक्शन मेटल डिटेक्टर: गोदाकाठ ते कोकण किनारा, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याला समुद्र नाही, तरी या यंत्राची चौकशी करणारे इथेच भरपूर. कुणाची अंगठी गंगाखेडच्या घाटावर पडलेली असते, कुणाचं मंगळसूत्र गणपतीपुळ्याला लाटेबरोबर गेलेलं असतं, आणि कुणाला शेतातल्या बांधाखाली हंडा असल्याचं कुणीतरी सांगितलेलं असतं. तिघांची उत्तरं वेगवेगळी आहेत. तिसऱ्याला बहुतेक वेळा उत्तर आवडत नाही.

पल्स इंडक्शन म्हणजे नेमकं काय होतं?

कॉइलमधून, म्हणजे दांड्याच्या टोकाशी असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून, क्षणभर जोरदार वीज सोडायची आणि एकदम तोडायची, एवढंच हे यंत्र करतं. फक्त सेकंदाला शेकडो वेळा करतं. वीज तुटली की कॉइलभोवतीचं चुंबकीय क्षेत्र कोसळतं, कॉइलच्या टोकांवर काहीशे व्होल्टचा झटका उठतो आणि काही मायक्रोसेकंदांत विरून जातो. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. खाली धातू असेल तर त्या कोसळण्यामुळे धातूत भोवरी प्रवाह, म्हणजे आतल्या आत गोल फिरणारे विजेचे प्रवाह, सुरू होतात आणि ते लगेच थांबत नाहीत. यंत्र दहा-पंधरा मायक्रोसेकंद गप्प बसतं आणि मग ऐकतं. तोवर सगळं शांत झालं असेल तर खाली काही नाही. अजून काही रेंगाळत असेल तर धातू आहे.

मडकं आणि कांस्याची वाटी शेजारी ठेवून टिचकी मारून बघा. मडकं ठक करून गप्प होतं, वाटी घुमत राहते. पीआय, म्हणजे पल्स इंडक्शन, हे घुमणं ऐकतं.

दुसरा प्रकार व्हीएलएफ, म्हणजे व्हेरी लो फ्रिक्वेन्सी. त्यात वीज तोडत नाहीत, ठराविक वारंवारतेची लहर सतत चालू असते आणि परत येणारी लहर किती मागे पडली यावरून धातूचा अंदाज बांधतात. पडद्यावर आकडे दाखवणारी, लोखंडाला वेगळा आवाज देणारी यंत्रं बहुतेक या जातीची.

खाऱ्या पाण्यात पीआयच का चांगलं म्हणतात?

खारं पाणी वीज वाहून नेतं. व्हीएलएफला सगळा समुद्रच एक मोठा पातळ धातू वाटतो आणि ओल्या वाळूवर कॉइल वर-खाली झाली की ते ओरडत सुटतं. पाण्यातले भोवरी प्रवाह मात्र फार लवकर मरतात. पीआय ऐकायला बसेपर्यंत ते संपलेले असतात, म्हणून त्याला पाणी दिसतच नाही. एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी नवी व्हीएलएफ यंत्रं खारेपणा वजा करतात आणि ती किनाऱ्यावर चांगली चालतात, हेही खरं.

मग गोदावरीत पीआय लागतं का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि खरं तर यंत्राला पैसे घालण्याआधी हाच विचारायला हवा. गोदावरीचं पाणी गोडं आहे. खारेपणाचा मुद्दाच नाही. घाटाच्या पायरीशी, गाळात, विटा-खिळे-पत्रे पडलेल्या जागी पीआय घेऊन उतरलात तर ते प्रत्येक गोष्टीला सारख्याच उत्साहाने ओरडेल. बाटल्यांची बुचं, तारा, नारळाच्या पिशवीची पिन, तुटलेला त्रिशूळ, मोटारीचे नट-बोल्ट आणि नाणी.

नाण्यांचं वेगळंच आहे. सध्या चलनातली बरीचशी एक आणि दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत. म्हणून तर घाटावरची पोरं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात फेकतात आणि मूठभर नाणी वर काढतात. त्यांच्या शेजारी महागडं यंत्र घेऊन उभं राहिलं की आपलंच हसू होतं.

साध्या घाटावर, जिथे लोखंडी कचरा खूप आणि हरवलेली वस्तू वीतभर खोलीत आहे, तिथे लोखंड ओळखणारं साधं जलरोधक व्हीएलएफ यंत्र जास्त उपयोगी. पीआय उपयोगी पडतं ते नदीच्या मोकळ्या वाळवंटात, जिथे कचरा कमी आणि वाळू काळी. आणि अर्थात कोकणात.

काळ्या वाळूचा काय संबंध?

जवळजवळ सगळा मराठवाडा बसाल्टवर बसलाय. हा काळा खडक झिजून नदीत येतो तेव्हा त्याच्यातलं मॅग्नेटाइट, म्हणजे लोहचुंबकाला चिकटणारं जड खनिज, वाळूत साठतं. खात्री करायची तर प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घाला आणि कोरड्या वाळूतून फिरवा. पिशवीला काळे बारीक कण मिशांसारखे उभे राहून चिकटतात. पिशवी उलटी केली की गळून पडतात. हे कण जिथे जास्त तिथे व्हीएलएफची खोली निम्म्यावर यायला वेळ लागत नाही, कारण त्याचा निम्मा जोर वाळूशी झगडण्यात जातो. रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवर इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाचे काळे थर आहेत, तिथेही हाच अनुभव. पीआयला अशा वाळूचा फारसा त्रास होत नाही.

इथे एक मेख आहे आणि ती जाहिरातीत कुणी सांगत नाही. सगळ्या प्रकारची लोहयुक्त माती पीआयला माफ नसते. भाजलेली माती, विटा, खापरं, भट्टीची राख-माती आणि कोकणातला तांबडा जांभा यांच्यात अतिसूक्ष्म लोहकण असतात. ते चुंबकीय झटक्यानंतर लगेच शांत होत नाहीत, थोडे रेंगाळतात, आणि यंत्राला धातूसारखे भासतात. गोदाकाठी वीटभट्ट्या कमी आहेत का? जुन्या भट्टीच्या जागेवर पीआय सतत गुणगुणतं आणि नवखा माणूस खाली हंडा आहे म्हणून खणत बसतो. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज वजा करायची सोय, असलेलं पीआय हे बऱ्यापैकी आवरतं, पण किनाऱ्यासाठी बनवलेल्या साध्या पीआयमध्ये ही सोय सहसा नसते.

सोनं आणि लोखंड यांतला फरक कळतो का?

नाही. म्हणजे, भरवसा ठेवण्याइतका नाही. काही यंत्रांत डिले, म्हणजे ऐकण्याआधी गप्प बसायचा वेळ, वाढवून बारीक कचरा गाळायची सोय असते, पण त्या चाळणीतून ॲल्युमिनियमच्या चिंधीबरोबर बारीक सोनंही गळून जातं. सोन्याची पातळ अंगठी आणि चांदीकागद यांचं घुमणं जवळपास तेवढंच. काही यंत्रं कमी आणि जास्त वाहक धातूंना दोन वेगळे सूर देतात. लोखंड त्यांतल्या कुठल्याही सुरात बोलू शकतं.

एक युक्ती मात्र चालते. केसांचा आकडा, खिळा, तारेचा तुकडा अशी लांबट लोखंडी वस्तू असेल तर कॉइल तिच्या लांबीवरून नेताना बहुधा दोनदा आवाज येतो, आडवी नेताना एकदा. अंगठी कुठूनही गेलं तरी एकच गोल आवाज देते. म्हणून दरवेळी नव्वद अंशांत फिरून पुन्हा ऐका. पण शंका असेल तर खणा. पीआयवाल्याने न खणता निघून जायचं नसतं, ज्याला खणायचा कंटाळा त्याने हे यंत्र घेऊ नये.

मंगळसूत्र, चेन, जोडवी, नथ सापडतात का?

सापडतात, पण सारख्या सहजतेनं नाही, आणि इथेच लोकांचा सर्वात जास्त हिरमोड होतो.

अंगठी सर्वात सोपी. बंद गोल असल्यामुळे भोवरी प्रवाहाला फिरायला अख्खा रस्ता मिळतो. चेन सर्वात अवघड. पाहताना ती लांबलचक दिसते, पण यंत्राच्या दृष्टीनं ती सुट्या बारीक कड्यांची माळ आहे. कडी कडीला नुसती टेकलेली असते, प्रवाह एका कडीतून दुसरीत नीट जात नाही, म्हणून एक तोळ्याची चेन यंत्राला एका कडीएवढीच वाटू शकते. बऱ्याचदा चेन सापडते ती तिच्या फाशामुळे किंवा पदकामुळे.

मंगळसूत्राचंही तसंच. काळे मणी आणि दोरा यंत्राला दिसतच नाहीत. दिसतात त्या वाट्या. त्या पातळ पत्र्याच्या असल्या तरी गोल आणि बंद असल्यामुळे बरा आवाज देतात. दोरा तुटून मणी पसरले असतील तर मणी चाळणीनंच सापडतील.

जोडव्यांचं गमतीदार आहे. चांदी उत्तम वाहक, तेव्हा आवाज दणदणीत हवा. पण बोटाच्या मापानं दाबता यावीत म्हणून पुष्कळ जोडवी टोकाशी उघडी असतात. त्या फटीमुळे गोल फिरणारा प्रवाह तुटतो आणि आवाज बारीक होतो. त्याच वजनाची बंद अंगठी जास्त खोलीवरून सापडेल. नथ आणि मोरणी म्हणजे तारेचं काम. कॉइल वाळूला जवळजवळ टेकवली तरच आशा.

यंत्रात पल्स डिले कमी करायची सोय असेल तर बारीक सोन्यासाठी तो खाली आणा, दहा मायक्रोसेकंदांच्या आसपास किंवा त्याखाली. खारट ओल्या वाळूत फार खाली आणला तर पाणी दिसायला लागतं. तेव्हा जिथे किरकिर सुरू होते तिथून एक घर मागे.

किती खोलवरचं सापडतं?

बोटातली अंगठी किंवा नाणं असेल तर चांगल्या यंत्रानं, मोकळ्या वाळूत, साधारण वीत-सव्वा वीत. म्हणजे पंचवीस-तीस सेंटिमीटर. घागरीएवढी वस्तू मीटरभर खोलीवरूनही आवाज देईल. कॉइल मोठी केली की मोठ्या वस्तू खोलवर सापडतात, पण बारीक वस्तू निसटतात. बारा इंची कॉइल किनाऱ्याला ठीक, घाटाच्या दगडांत आठ इंचीच हाताळायला सोपी.

वीस फुटांवरून सोन्याची दिशा दाखवणारं यंत्र कुणी विकत असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

शेतात गुप्तधन आहे असं सांगतात. यंत्र आणून बघाल का?

नाही.

लांबून दिशा दाखवणाऱ्या, दोन दांड्या फिरवणाऱ्या आणि खोक्यात आकडे चमकवणाऱ्या त्या 'लाँग रेंज' यंत्रांत धातू ओळखण्याजोगं काही नसतं. दांडी धरणाऱ्याचा हात हलतो, बाकी काही नाही. ही यंत्रं लाखांत विकली जातात आणि सोबत बऱ्याचदा पूजेचं सामान सांगणारा माणूसही येतो. नरबळी, अमानुष, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्यात गुप्तधनाच्या नावाखाली केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. असा माणूस दारात आला तर यंत्रवाल्याला नाही, पोलीस ठाण्याला फोन करा.

खरंच काही जुनं सापडलं तर कायदा काय म्हणतो?

मराठवाड्यात हा प्रश्न पोकळ नाही. पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान, तेर म्हणजे तगर, भोकरदन म्हणजे भोगवर्धन. तिन्ही ठिकाणी उत्खननं झाली आहेत. गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडात शिशाचं किंवा तांब्याचं सातवाहन नाणं निघणं ही अशक्य गोष्ट नाही, आणि म्हणूनच अशा टेकाडावर यंत्र घेऊन जायचं नाही. नाणं कुठल्या थरात, कशाशेजारी होतं यावरून इतिहास लिहितात. उपसून खिशात घातलं की ते नुसतं शिसं उरतं.

१८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली कुठलीही मौल्यवान वस्तू, किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर, सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायची: काय, किती, कुठे, कधी. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तशी हमी द्यायची. लपवलं तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कळवलं, आणि मालक निघाला नाही, तर कायद्यात सापडणाऱ्याचा हिस्सा तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाचा उरलेला असं सूत्र आहे. सरकार मोबदला देऊन वस्तू घेऊही शकतं. दहा रुपयांची मर्यादा १८७८ ची आहे, त्यामुळे आज सगळंच तिच्यात बसतं.

दुसरा कायदा १९५८ चा, संरक्षित स्मारकांचा. राष्ट्रीय संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, बीबी का मकबरा यांच्या आसपास यंत्र गाडीच्या डिकीतच राहू द्या. तिसरा १९७२ चा पुरावशेषांचा. शंभर वर्षांहून जुनी नाणी-मूर्ती-शिल्पं या व्याख्येत येतात आणि त्यांचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. सोशल मीडियावर 'जुनं नाणं विकणे आहे' टाकण्याआधी हे लक्षात असू द्या.

नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं, पाणी आटलं की उघड्या पडलेल्या जागेत शोधता येईल का?

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये धरण पूर्ण झालं आणि काठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. मे महिन्यात पाणी मागे सरलं की जुन्या भिंतींचे चौथरे, आडांची तोंडं, देवळांचे दगड वर येतात. यंत्रवाल्याला भुरळ पडते हे समजतं.

पण जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे परवानगीशिवाय खणाखणी म्हणजे वन्यजीव कायद्याशी गाठ. शिवाय ती घरं कुणाची तरी होती, आणि त्या लोकांची मुलं-नातवंडं पुनर्वसित गावठाणांत आजही राहतात. त्यांच्यापैकी कुणी आपल्याच जुन्या वाड्यातली वस्तू शोधायला बोलावलं, तर आधी वनविभागाची परवानगी आणा असंच उत्तर मिळेल. गाळही फसवा असतो. वरून तडकलेली कोरडी पपडी आणि खाली गुडघाभर चिखल.

घाटावर अंगठी पडली. आधी काय करू?

पाय हलवू नका. खरंच. बहुतेक अंगठ्या पडल्याच्या जागेपासून हातभर अंतरावरच असतात, आणि मग मदतीला धावलेली दहा माणसं चिखल तुडवून त्या वीतभर खाली घालतात. एकाने तिथेच उभं राहावं, दुसऱ्याने काठावरच्या दोन खुणा धरून फोटो काढावा: खांब आणि पायरी, झाड आणि देऊळ. पाणी किती होतं ते शरीरावर दाखवून सांगा, गुडघा की कंबर. किती वाजता पडली, प्रवाह कुठल्या बाजूला होता हेही.

अंगठी जड असते, ती वाहत जात नाही, खाली बसते. गाळ असेल तर रुतते. म्हणून दुसऱ्या दिवशी गेलं तरी हरकत नाही, मात्र वरून पाणी सुटण्याआधी. पावसाळ्यात जायकवाडी किंवा नांदेडच्या विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की ती जागा विसरायची.

पुढच्या वेळेसाठी: थंड पाण्यात बोटं आकसतात आणि साबण-तेलानं अंगठी आपोआप सुटते. अंघोळीआधी अंगठी काढून ती विश्वासू माणसाकडे द्या. काठावरच्या कपड्यांत गुंडाळून ठेवू नका. कपडे झटकताना हरवलेल्या अंगठ्याही पुष्कळ असतात, आणि त्या पाण्यात शोधून सापडत नाहीत.

पाण्यात उतरून शोधायची पद्धत काय?

आधी कोरडेपणी सराव करा. घरामागे वाळूचा ढीग टाका, त्यात आईची जुनी अंगठी, बुच, खिळा वेगवेगळ्या खोलीवर पुरून ठेवा आणि डोळे मिटून ऐका.

पाण्यात हेडफोन हवेतच, तेही जलरोधक. थ्रेशोल्ड इतका ठेवा की मागे अगदी बारीक गुणगुण चालू राहील. खोलवरची अंगठी ओरडत नाही, ती गुणगुण फक्त जराशी फुगवते. कॉइल तळाशी समांतर आणि जवळ. पाण्यात ती तरंगते किंवा ओढली जाते, म्हणून सावकाश. प्रत्येक फेरी मागच्या फेरीवर अर्धी पडली पाहिजे. दोन काठ्या रोवून दोरी बांधा आणि दोरीच्या कडेनं जा. पाण्यात माणसाला आपण सरळ चाललो असं वाटतं, तो चाललेला असतो वाकडा.

आवाज आला की आडवा-उभा फिरून मध्य ठरवा, तिथे पाय ठेवा, कॉइल बाजूला करा आणि पायाच्या अंगठ्याला लागून लांब दांड्याची जाळीदार खोरी खुपसा. एका दमात जास्त वाळू उचला. वर आणून पाण्यातच हलवा, वाळू निघून जाते. मग खड्ड्यावर पुन्हा कॉइल धरा. आवाज गेला तर वस्तू खोरीत आहे, नाही गेला तर खालीच आहे. खोरी लोखंडी, तेव्हा कॉइलजवळ आणू नका. नांदेडकडची पुष्कळ मंडळी हातात कडं घालतात; खड्ड्यात हात घातला की यंत्र कड्यालाच सलामी देतं.

कंबरेच्या वर पाणी असेल तर उतरू नका. गोदावरी, मांजरा, दुधना, कुठेही. वाळू उपशानं पात्रात जे खड्डे पडलेत ते वरून दिसत नाहीत, आणि गुडघाभर पाण्यातलं पुढचं पाऊल दोन पुरुष खोल जाऊ शकतं. काठावर दोरी घेऊन एक माणूस उभा असल्याशिवाय कानात हेडफोन घालायचेच नाहीत, कारण हाक ऐकू येत नाही. स्मशानघाटाजवळ तर यंत्र काढूच नका. तिथे पाण्यात जे आहे ते कुणीतरी निरोप देताना सोडलेलं आहे.

कोकणात जाणार आहोत. कोणत्या वेळेला किनाऱ्यावर जावं?

ओहोटीला. आपल्याकडच्या लोकांना भरती-ओहोटीचा अंदाज नसतो, पण दिनदर्शिकेवर तिथी असते आणि तेवढी पुरते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ साधारण येते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. तिथून सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला पहाटे आणि संध्याकाळी पाणी सर्वात मागे असतं, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे ते जास्त लांबवरही जातं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाणी फारसं हलत नाही. भरती रोज पन्नास मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. नेमक्या वेळेसाठी भरतीचं अधिकृत वेळापत्रक बघाच, आणि स्थानिक कोळ्याला विचारा.

ओहोटी पूर्ण व्हायच्या दोन तास आधी सुरुवात करा आणि पाण्यामागे चालत जा; पाणी वळलं की तुम्हीही वळा. लोक पोहतात तो कंबरभर पाण्याचा पट्टा ओहोटीत उघडा पडतो आणि अंगठ्या तिथेच असतात. वाळूत लांबट खळगे पडलेले असतात, त्यांत जड वस्तू जमतात. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो, म्हणून पाऊस संपल्यावर किनारा खरवडलेला असतो तो काळ चांगला. उन्हाळ्याच्या सुट्टीत वस्तू हरवतात जास्त, आणि गर्दीही तेवढीच.

वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळा ते उन्हाळा कासवांची घरटी असतात. कुंपण घातलेली जागा सोडा, आणि कुंपण नसलेल्या वरच्या कोरड्या वाळूतही त्या दिवसांत खणू नका. बाकी सगळीकडे आपला खड्डा आपणच बुजवायचा. पोराचा पाय मुरगळला तर पुढच्या वेळी गाववाले यंत्र दिसताच हाकलतील, आणि ते बरोबरच.

कोणतं यंत्र घेऊ?

वर्षातून एकदा कोकणात जाणाऱ्याने कुठलंच घेऊ नये. पीआयमध्ये गॅरेटचं सी हंटर मार्क टू हे साधं आणि सुमारे साठ मीटर खोलीपर्यंत जलरोधक. त्याच कंपनीचं एटीएक्स बरंच महाग, पण त्यात ग्राउंड बॅलन्स आहे. माइनलॅबचं एक्सकॅलिबर टू लोक पीआय समजतात; ते अनेक वारंवारतांचं यंत्र आहे, किनाऱ्यावर मात्र नावाजलेलं. जुन्यात व्हाइट्सचं सर्फ पीआय आणि टेसोरोचं सँड शार्क दिसतील. टेसोरो २०१८ मध्ये आणि व्हाइट्स २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा कॉइल गेली की सुटा भाग मिळणं कठीण. तरी सुस्थितीतलं सँड शार्क स्वस्तात मिळालं तर वाईट सौदा नाही.

घरी बनवता येतं का?

येतं, आणि इंजिनिअरिंगच्या पोरांनी जरूर बनवावं. व्हीएलएफच्या दोन कॉइल जुळवण्यात जीव जातो; पीआयला एकच कॉइल लागते आणि तिचा आकारही फार काटेकोर नसतो. सव्वीस सेंटिमीटर व्यासावर इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे पंचवीस वेढे घेतले की साधारण चारशे मायक्रोहेन्री होतात, बहुतेक हौशी सर्किटांना तेवढंच हवं असतं. सर्फ पीआय आणि हॅमरहेड ही सर्किटं हौशी मंडळींत प्रसिद्ध आहेत. डॅम्पिंगचा रेझिस्टर नीट निवडा. तो चुकला की झटका विरायला वेळ लागतो आणि बारीक सोनं त्यातच बुडतं. चालू सर्किटवर कॉइलच्या टोकांना हात लावू नका. आणि घरगुती कॉइलचा जलरोधकपणा बादलीत तपासा, नदीत नाही.

यंत्र उगाच किरकिर करतं. बिघडलंय का?

बहुधा नाही. आजूबाजूला बघा: डोक्यावरून वीजवाहिनी गेलीय का, काठावर शेतीपंप चालू आहेत का. पीआयचा कान फार उघडा असतो. थ्री फेजची वेळ टाळून गेलं तर तेच यंत्र शांत चालतं. फोन विमान मोडवर टाका. दोन यंत्रवाले शेजारी असतील तर वीस-पंचवीस पावलं अंतर ठेवा. यंत्रात वारंवारता बदलायचं बटण असेल तर शांत जागा सापडेपर्यंत फिरवा. एवढं करूनही थांबत नसेल तर कॉइलची वायर जोडापाशी हलवून बघा; तिथेच ती आतून तुटते.

वापरून झाल्यावर काय काळजी घ्यायची?

समुद्रावरून आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवा. दांड्याचे सांधे सुटे करून धुवा, नाहीतर आत वाळू बसून ते कायमचे अडकतात. यंत्राचं अंग पूर्ण कोरडं होईपर्यंत बॅटरीचं झाकण उघडू नका. झाकणाखालच्या रबरी रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या आणि तिच्यावर केस किंवा वाळूचा कण नाही ना ते उजेडात धरून बघा. पाणी शिरतं ते तेवढ्यातूनच. पीआय बॅटरी भरपूर खातं, तेव्हा सेलचा एक जादा संच जवळ असावा. पावसाळाभर यंत्र पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा. आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात डिकीतल्या कॉइलचा डिंक सुटतो.